सामाजिक संस्थांसाठी सरकारी अनुदान : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराष्ट्रातल्या सेवाभावी संस्था, वाचनालये, व्यायामशाळा, नाट्यमंडळे आणि महिला मंडळे पुन्हा पुन्हा जे प्रश्न पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. अनुदानाची रक्कम आणि अर्जाची मुदत योजनेगणिक बदलते, शिवाय दरवर्षीही बदलू शकते. ती त्या वर्षीच्या शासन निर्णयातून किंवा जाहिरातीतूनच घ्यावी. फारशी न बदलणारी गोष्ट म्हणजे पद्धत. खालची उत्तरे प्रामुख्याने तिच्याविषयी आहेत.

१. आमचे मंडळ वीस वर्षे काम करते आहे, पण नोंदणी नाही. अनुदान मिळेल का?

संस्था म्हणून नाही. सरकारी पैसा कायद्याच्या दृष्टीने अस्तित्वात असलेल्या व्यक्तीला किंवा संस्थेलाच देता येतो, आणि नोंदणी नसलेल्या मंडळाला ते अस्तित्व नसते. अध्यक्षांच्या वैयक्तिक खात्यात अनुदान घेण्याचा मार्ग कुणी सुचवला तर त्या वाटेला जाऊ नका. उद्या हिशेबाची आणि वसुलीची जबाबदारी त्या एका माणसावर येईल.

बचत गटांचा रस्ता वेगळा आहे. त्यांनी संस्था नोंदणीच्या मागे न लागता 'उमेद' अभियान किंवा महिला आर्थिक विकास महामंडळाच्या तालुका पातळीवरच्या कार्यालयात चौकशी करावी.

२. सोसायटी, ट्रस्ट की सेक्शन ८ कंपनी (कंपनी कायद्याखाली नोंदलेली, नफा न वाटणारी संस्था)? अनुदानासाठी कोणती नोंदणी बरी?

राज्याच्या योजनांचा विचार असेल तर सोसायटी सोयीची पडते. संस्था नोंदणी अधिनियम १८६० खाली किमान सात सभासद लागतात. महाराष्ट्रात अशा संस्थेची नोंदणी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खालीही होते आणि तिला 'एफ' ने सुरू होणारा क्रमांक मिळतो. म्हणून संस्थेकडे दोन प्रमाणपत्रे असतात. अर्जाला दोन्ही जोडायची. एकच जोडल्यामुळे परत आलेले अर्ज कमी नाहीत.

सेक्शन ८ कंपनी केंद्राच्या बऱ्याच योजनांत चालते. राज्याच्या काही योजना मात्र धर्मादाय नोंदणीच मागतात, त्यामुळे ज्या विभागाकडे जायचे आहे त्याची पात्रतेची अट आधी वाचा.

३. नोंदणी होऊन वर्षच झाले. अर्ज करता येईल?

बहुतेक योजना तीन वर्षांचा अनुभव आणि तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल मागतात. 'तीन वर्षे' म्हणजे पूर्ण झालेली तीन आर्थिक वर्षे, असा अर्थ कार्यालये सहसा लावतात. नोव्हेंबरमध्ये नोंदलेल्या संस्थेचे पहिले वर्ष पाचच महिन्यांचे असते आणि ते धरायचे की नाही यावर वाद होतो. पत्र देऊन लेखी विचारा.

ही तीन वर्षे वाट पाहण्यात घालवू नका. देणग्यांतून छोटे काम करा, पावत्या फाडा, बैठकांची इतिवृत्ते लिहा, दरवर्षी लेखापरीक्षण करून घ्या. अर्जावर निर्णय घेणारा अधिकारी तुमचे काम पाहण्याआधी हे कागद पाहतो. तीनही वर्षांत जमाखर्च काही हजारांचा असेल आणि मागणी पंचवीस लाखांची असेल, तर प्रस्ताव कितीही सुंदर लिहिलेला असला तरी तो बाजूला पडतो, आणि ते रास्तच आहे. एवढा पैसा हाताळल्याचा पुरावाच समोर नसतो.

४. अर्जाची जाहिरात येण्याआधी कोणती कागदपत्रे तयार ठेवावीत?

जाहिरात आल्यावर पंधरा-वीस दिवसच हातात असू शकतात. यातले बरेच कागद त्या मुदतीत मिळत नाहीत, म्हणून फाईल वर्षभर तयार असावी :

- दोन्ही नोंदणी प्रमाणपत्रे, घटना आणि नियमावली
- परिशिष्ट-१ चा अद्ययावत उतारा, म्हणजे विश्वस्तांची आणि मालमत्तेची धर्मादाय कार्यालयातली नोंद (प्रश्न ५ पाहा)
- मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल, ताळेबंद आणि जमाखर्च, तसेच ते धर्मादाय कार्यालयात दाखल केल्याची पोच
- संस्थेच्या नावाचे पॅन आणि आयकर नोंदणीचे पत्र
- नीती आयोगाच्या 'एनजीओ दर्पण' पोर्टलवरचा क्रमांक
- 'पीएफएमएस' (सरकारी निधी वितरणाचे केंद्राचे पोर्टल) वरची नोंदणी आणि त्याला जोडलेले बँक खाते
- अर्ज करण्याचा आणि सही कोण करणार याचा ठराव
- वार्षिक अहवाल आणि तारखा टाकलेली छायाचित्रे

दर्पण नोंदणीला शुल्क नाही. संस्थेचे पॅन आणि पदाधिकाऱ्यांचे पॅन व आधार लागतात. आयकर नोंदणी २०२१ पासून मुदतबंद झाली आहे. जुने आजीवन प्रमाणपत्र दाखवून आता चालत नाही, तेव्हा पत्रावरची मुदत तपासा.

सगळ्यात जास्त अर्ज नावातल्या फरकामुळे अडकतात. प्रमाणपत्रावर 'बहुउद्देशीय शिक्षण प्रसारक मंडळ', पॅनवर इंग्रजीत तेच नाव वेगळ्या स्पेलिंगने, आणि बँकेत 'मंडळ' हा शब्दच गायब! पोर्टल ही नावे जुळवून बघते आणि जुळले नाही तर पुढे सरकत नाही. आधी पॅन दुरुस्त करा, मग बँक, मग दर्पण. उलट क्रमाने गेलात तर तेच काम दोनदा करावे लागते.

५. निवडणूक झाली, नवी कार्यकारिणी आली, पण बदल अहवाल अजून मंजूर नाही. कुणी सही करायची?

बदल झाल्यापासून ९० दिवसांत महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ खाली बदल अहवाल, म्हणजे विश्वस्त बदलल्याची माहिती, धर्मादाय कार्यालयात दाखल करायचा असतो. उशीर झाला असेल तर विलंब माफीचा अर्ज सोबत लागतो. बदल अहवाल मंजूर होईपर्यंत परिशिष्ट-१ वर जुनीच नावे राहतात आणि अनुदान देणारे कार्यालय तीच नावे ग्राह्य धरते.

अहवाल प्रलंबित असेल तर दाखल केल्याची पोच, निवडणुकीच्या सभेचे इतिवृत्त आणि नव्या पदाधिकाऱ्यांना अधिकार देणारा ठराव जोडून अर्ज करा. काही विभाग हे स्वीकारतात. पण दोन गटांत वाद असेल आणि दोन्हीकडून बदल अहवाल दाखल असतील, तर अनुदान जवळजवळ नक्की थांबते. अशा वेळी वाद मिटवणे हेच पहिले काम. परिशिष्टावर दिवंगत विश्वस्तांची नावे वर्षानुवर्षे राहू देणाऱ्या संस्थांनाही हाच त्रास होतो.

६. आमच्या कामासाठी योजना आहे की नाही, हे शोधायचे कुठे?

'एनजीओसाठी अनुदान' असे शोधू नका. सरकारचा पैसा विषयाप्रमाणे विभागला आहे, म्हणून आधी आपला विभाग ओळखा.

सार्वजनिक वाचनालय असेल तर जिल्हा ग्रंथालय अधिकारी. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ खाली मान्यता मिळालेल्या ग्रंथालयांना अ, ब, क, ड या वर्गांनुसार परिरक्षण अनुदान मिळते. पुस्तकांसाठी कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानच्या योजना आहेत आणि त्यांची वाटही राज्याच्या ग्रंथालय यंत्रणेतूनच जाते. व्यायामशाळा किंवा क्रीडांगणासाठी जिल्हा क्रीडा अधिकारी. तमाशा, दशावतार, खडीगंमत, शाहिरी यांच्या पथकांसाठी आणि नाट्यसंस्थांसाठी सांस्कृतिक कार्य संचालनालय. बालगृहासाठी जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी. इथे बाल न्याय अधिनियम २०१५ खालची नोंदणी असल्याशिवाय अनुदानाचा विषयच निघत नाही.

केंद्राकडून ज्येष्ठ नागरिकांची निवासगृहे आणि व्यसनमुक्ती केंद्रे यांसाठी सामाजिक न्याय व अधिकारिता मंत्रालय पैसे देते, अर्ज 'ई-अनुदान' पोर्टलवर. दिव्यांगांच्या शाळा आणि पुनर्वसन केंद्रांसाठी दीनदयाळ दिव्यांग पुनर्वसन योजना आहे. आदिवासी भागातल्या संस्थांसाठी जनजातीय कार्य मंत्रालयाची स्वतंत्र योजना आहे. अर्ज दिल्लीच्या पोर्टलवर केला तरी तपासणी आणि शिफारस सहसा जिल्हा आणि राज्य पातळीवरूनच जाते, म्हणून जिल्ह्याच्या कार्यालयाला अर्जाची प्रत देऊन पोच घ्या.

७. शासन निर्णय पानेच्या पाने असतो. त्यात नेमके काय बघायचे?

राज्य शासनाच्या संकेतस्थळावर विभागवार शासन निर्णय मिळतात. प्रत्येकाच्या शेवटी सांकेतांक असतो. व्हॉट्सॲपवर आलेला 'जीआर' खरा की खोटा, हे तो सांकेतांक तिथे टाकून दोन मिनिटांत कळते.

एका योजनेचे तीन प्रकारचे निर्णय असतात. मूळ निर्णयात पात्रता, अटी आणि खर्चाच्या बाबी असतात. नंतरच्या सुधारणा आणि शुद्धिपत्रके त्यातले आकडे बदलतात. तिसरा प्रकार म्हणजे दरवर्षीचा निधी वितरणाचा निर्णय, आणि संस्था नेमका तोच वाचत नाहीत. त्यात त्या वर्षी किती रक्कम सोडली ते असते. बऱ्याचदा कोणत्या संस्थांना किती मिळाले याची यादीही जोडलेली असते. मागच्या तीन वर्षांच्या याद्या शेजारी ठेवून वाचल्या की योजना नव्या संस्था घेते की जुन्याच चालवते, साधारण किती रक्कम देते, आणि आपल्या जिल्ह्यात कुणाला मिळाले, हे सगळे स्पष्ट होते.

निर्णयातले लेखाशीर्षही, म्हणजे अर्थसंकल्पात योजनेच्या पैशाला दिलेला क्रमांक, टिपून घ्या. त्यावरून अर्थसंकल्पाच्या पुस्तकात यंदाची तरतूद शोधता येते. तिथे फक्त १,००० रुपये दिसले तर ती लाक्षणिक तरतूद, म्हणजे लेखाशीर्ष उघडे ठेवण्यापुरती. पुरवणी मागणीत पैसे आले नाहीत तर त्या वर्षी तिथे हाती काही लागणार नाही. सहायक अनुदानाच्या तरतुदीपुढे ३१ हा आकडा असेल तर ती वेतनेतर (पगार सोडून इतर) खर्चासाठी आणि ३६ असेल तर वेतनासाठी. कर्मचाऱ्यांच्या पगारासाठी मागणी असेल आणि योजनेत तरतूद फक्त ३१ खाली असेल, तर काय होणार हे अर्जाआधीच कळते.

८. अर्ज कधी करावा?

केंद्राचा अर्थसंकल्प १ फेब्रुवारीला येतो, राज्याचा साधारण मार्चमध्ये. प्रस्ताव आर्थिक वर्षाच्या पहिल्या सहामाहीत गेलेला बरा. जिल्हा तपासणी, विभागाची छाननी आणि वित्त विभागाची संमती या टप्प्यांतच महिने जातात. डिसेंबरनंतरचे अर्ज अनेकदा पुढच्या वर्षात ढकलले जातात. निवडणुकीची आचारसंहिता लागू असताना नव्या मंजुऱ्या थांबतात, तेव्हा त्या वर्षी आणखी लवकर निघा.

९. अंदाजपत्रक कसे मांडायचे? थोडे वाढवून मागावे का, कापतातच म्हणून?

नको. योजनेच्या निर्णयात प्रत्येक बाबीची कमाल मर्यादा दिलेली असते : पद किती, मानधन किती, भाडे किती, आहार प्रति व्यक्ती किती. तुमची मागणी त्याच शीर्षकांत, त्याच क्रमाने आणि त्याच मर्यादेत मांडा. नवी शीर्षके तयार केलीत तर छाननी करणाऱ्या लिपिकाला ती कुठे बसवायची ते कळत नाही, आणि 'त्रुटी' म्हणून फाईल परत येते. 'इतर खर्च' अशी मोठी रक्कम तर कधीच दाखवू नका.

प्रत्येक आकड्यामागे गुणाकार दिसला पाहिजे : २५ व्यक्ती, ३० दिवस, प्रति दिवस इतके, १२ महिने. साहित्य खरेदीला तीन दरपत्रके जोडा. ती तीन वेगळ्या विक्रेत्यांची, तारीख आणि जीएसटी क्रमांक असलेली हवीत. एकाच अक्षरातली तीन दरपत्रके तपासणीत लगेच ओळखू येतात.

१०. 'संस्थेचा हिस्सा १० टक्के' असे लिहिले आहे. श्रमदान धरतात का?

केंद्राच्या काही योजनांत ९० टक्क्यांपर्यंत खर्च सरकार उचलते आणि उरलेला संस्थेने घालायचा असतो. निर्णयात श्रमदान किंवा वस्तुरूप वाटा स्पष्ट मान्य केलेला नसेल, तर हिस्सा रोकड स्वरूपात आणि बँकेतून गेलेला दाखवावा लागतो. देणगी पावत्या आणि खात्यावरच्या नोंदी जुळल्या पाहिजेत. हिस्सा नसताना तो कागदोपत्री दाखवणे हा हिशेबातला खोटेपणा आहे आणि लेखापरीक्षणात तो नेमका सापडतो.

११. तपासणीला अधिकारी येणार आहेत. काय तयारी ठेवावी?

काम नेहमीप्रमाणे चालू ठेवा. हजेरीपट, साठा नोंदवही, रोकडवही, इतिवृत्त पुस्तक आणि भेट नोंदवही जागेवर हवी, आणि कालपर्यंत भरलेली हवी. लाभार्थ्यांची यादी आणि प्रत्यक्ष हजर माणसे यांत फरक असेल तर कारण हजेरीपटातच लिहिलेले असावे. अधिकारी गेल्यावर भेट नोंदवहीतल्या शेऱ्याची प्रत काढून ठेवा, पुढे शिफारस अडकली तर ती उपयोगी पडते.

१२. मंजुरीचे पत्र आले, पण चार महिने झाले पैसे नाहीत. काय करावे?

मंजुरी आणि निधी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रशासकीय मान्यतेनंतर नियंत्रक अधिकाऱ्याकडे निधी 'बीम्स' या राज्याच्या निधी वाटपाच्या संगणक प्रणालीवर यावा लागतो. मग आहरण व संवितरण अधिकारी, म्हणजे कार्यालयासाठी कोषागारातून पैसे काढणारा अधिकारी, देयक (बिल) तयार करतो आणि ते कोषागारातून पारित होते. कोणत्या टप्प्यावर अडले आहे, एवढेच विचारा. 'आमचे पैसे कधी येणार' या प्रश्नाला उत्तर मिळत नाही, 'देयक कोषागारात सादर झाले का, क्रमांक काय' याला मिळते.

बँक खाते बदलले असेल किंवा पीएफएमएसवर पडताळणी अपुरी असेल तर रक्कम परत जाते. काही योजनांत शून्य शिल्लक खाते असते. तिथे रक्कम जमा होत नाही, खर्चाची मर्यादा मिळते, आणि ३१ मार्चला न वापरलेली मर्यादा संपते. लेखी विचारणेला उत्तर नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करा : शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस.

१३. एक जण मंजुरी आणून देतो, टक्केवारी मागतो. द्यावी का?

देऊ नका. ही रक्कम अनुदानाच्या कोणत्याही शीर्षात बसत नाही, म्हणजे ती लपवायला खोटी बिले करावी लागतात, आणि त्या बिलांवर सही तुमची असते. प्रस्ताव लिहून देणाऱ्याला संस्थेच्या स्वतःच्या पैशातून ठरावीक मानधन देणे वेगळे आहे. ते मंजुरीवर अवलंबून नसावे.

१४. अनुदान आले. हिशेब कसा ठेवायचा?

योजनेसाठी स्वतंत्र बचत खाते आणि स्वतंत्र खातेवही ठेवा, अट नसली तरी. प्रत्येक बिलावर योजनेचे नाव, शीर्ष आणि धनादेश क्रमांक लिहा. एका व्यक्तीला एका दिवसात १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देऊ नका. त्यावरचा रोख खर्च आयकरात धर्मादाय कामावरचा खर्च म्हणून धरला जात नाही. वर्षअखेर न खर्चलेले अनुदान ताळेबंदात देण्याच्या बाजूला दिसले पाहिजे. ते उत्पन्नात टाकले तर उपयोगिता प्रमाणपत्र आणि लेखापरीक्षण अहवाल यांचे आकडे जुळत नाहीत.

१५. उपयोगिता प्रमाणपत्र म्हणजे काय आणि ते कधी द्यायचे?

मिळालेली रक्कम मंजूर कामावरच खर्च झाली, असे संस्थेचे प्रमाणपत्र. केंद्राच्या अनुदानासाठी सामान्य वित्तीय नियम २०१७ मधला नमुना १२-ए वापरतात आणि ते आर्थिक वर्ष संपल्यापासून १२ महिन्यांच्या आत द्यायचे असते. मंजुरीपत्रात याहून कमी मुदत असेल तर ती पाळा. दरवर्षी मिळणाऱ्या अनुदानात आधीच्या वर्षाचे प्रमाणपत्र आणि लेखापरीक्षित हिशेब आल्याशिवाय पुढच्या वर्षाच्या मंजूर रकमेच्या ७५ टक्क्यांहून जास्त सोडता येत नाही. दुसरा हप्ता रखडला की संस्था मंत्रालयात चकरा मारते, आणि कारण अनेकदा आपल्याच कपाटात असते.

आरंभीची शिल्लक, मिळालेली रक्कम, व्याज, खर्च आणि अखेरची शिल्लक हे पाचही आकडे बँक पासबुकाशी जुळवून मगच सही करा.

१६. पैसे उरले, त्यावर व्याजही आले. ते संस्थेचे का?

नाही. केंद्राच्या अनुदानावरचे व्याज हिशेब अंतिम झाल्यावर सरकारजमा करायचे असते. शिल्लक परत करायची, किंवा विभागाने लेखी परवानगी दिली तरच पुढच्या वर्षी वापरायची. अनुदानाआधी लिहून दिलेल्या बंधपत्रात अटी मोडल्यास रक्कम वार्षिक १० टक्के व्याजासह परत करण्याचे कलम असते. कार्यकारिणीचे सदस्य त्यावर संयुक्तपणे आणि स्वतंत्रपणे बांधले जातात, म्हणून न वाचता सही करू नका.

१७. भाड्याचे पैसे वाचले, साहित्याला कमी पडले. फिरवता येतील?

आधी लेखी परवानगी घेतली तर. खर्च करून नंतर मागितलेली मंजुरी सहसा मिळत नाही आणि तेवढी रक्कम अमान्य ठरते.

१८. एकाच कामासाठी दोन विभागांकडे अर्ज करता येतो का? आणि सीएसआर (कंपन्यांचा सामाजिक कामासाठीचा निधी), परदेशी देणगी?

त्याच खर्चासाठी दोन सरकारी अनुदाने घेता येत नाहीत. केंद्राच्या अर्जात तसे प्रमाणपत्रच द्यावे लागते. दुसरीकडे अर्ज प्रलंबित असेल तर तो उघड लिहा. वेगळ्या खर्चाला मात्र वेगळा स्रोत चालतो : पगार विभागाकडून, इमारतीची दुरुस्ती कंपनीच्या सीएसआरमधून. सीएसआर हा सरकारी पैसा नव्हे आणि त्यासाठी सीएसआर-१ ही वेगळी नोंदणी लागते. परदेशी देणगीच्या खात्यात अनुदान कधीही घेऊ नका, त्या खात्यात देशातला पैसा मिसळता येत नाही.

१९. आमचे देवस्थान आहे. भक्तनिवासासाठी अनुदान मिळेल?

राज्यघटनेचे कलम २७ विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठी कर लादायला मनाई करते, त्यामुळे पूजा-उत्सवासाठी अनुदानाची अपेक्षा धरू नका. तीर्थक्षेत्र विकासातून रस्ते, पाणी, स्वच्छतागृहे, निवास अशा सोयी होतात. ते काम सहसा जिल्हा परिषद किंवा सार्वजनिक बांधकाम विभागामार्फत होते, पैसा देवस्थानाच्या खात्यात येतोच असे नाही. देवस्थान रुग्णालय किंवा वसतिगृह सर्वांसाठी चालवत असेल, तर त्या कामासाठी त्या त्या विभागाकडे प्रश्न ६ प्रमाणे जाता येते.

२०. जागा भाड्याची आहे. बांधकाम अनुदान मिळेल?

बांधकामासाठी बहुधा जागा संस्थेच्या नावावर किंवा दीर्घ मुदतीच्या नोंदणीकृत भाडेपट्ट्यावर लागते. सातबारा किंवा मालमत्ता पत्रक जोडा आणि ती मालमत्ता परिशिष्ट-१ वर चढली आहे ना, ते पाहा. नोटरी केलेला अकरा महिन्यांचा करार पुरत नाही. विश्वस्ताने तोंडी दिलेली जागाही चालत नाही.

२१. अनुदानातून घेतलेली गाडी जुनी झाली. विकून नवी घेऊ का?

पूर्ण किंवा बहुतांश सरकारी अनुदानातून घेतलेली वस्तू मंजुरी देणाऱ्या विभागाच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता, गहाण ठेवता किंवा दुसऱ्या कामाला वापरता येत नाही. मालमत्ता नोंदवहीतली नोंद, गाडीच्या स्थितीचा दाखला आणि कार्यकारिणीचा ठराव जोडून विभागाला लिहा. विक्रीच्या रकमेचे काय करायचे हेही त्याच पत्रात विचारा. जमीन किंवा इमारत असेल तर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची परवानगीही वेगळी घ्यावी लागते.

२२. अनुदान घेतले म्हणून आम्हालाही माहिती अधिकार लागू होतो का?

सरकारकडून मोठ्या प्रमाणावर अर्थसाहाय्य मिळत असेल तर होय. माहिती अधिकार अधिनियम २००५ च्या कलम २(ह) मध्ये अशा बिगरसरकारी संस्था येतात आणि डी. ए. व्ही. कॉलेज ट्रस्टच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तेच सांगितले. 'मोठ्या प्रमाणावर' म्हणजे किती टक्के, हे कायद्यात लिहिलेले नाही, प्रत्येक संस्थेची परिस्थिती पाहून ठरते. छोटे अनुदान असले तरी त्याची माहिती देणाऱ्या विभागाकडून कुणालाही मिळू शकते. केंद्राचे अनुदान घेतल्यावर संस्थेचे हिशेब मंजुरी देणाऱ्या विभागाला आणि भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनाही तपासता येतात, म्हणून योजना संपली तरी बिले आणि नोंदवह्या रद्दीत घालू नका.